जूनमध्ये फोंड्याला बदली झालीय – गोव्याचा पाऊस, नद्या, तालुके, जे माहीत असेल ते सांगा

शिवडीची_मीनल
नमस्कार मंडळी. ह्यांची बदली गोव्यात फोंड्याला झालीय, १० जूनला तिथे हजर व्हायचंय. मुलगा सातवीत जाईल. मी गोवा दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा डिसेंबरात, एकदा कळंगुट एकदा कोलवा, म्हणजे वाळू आणि हॉटेल सोडून काही बघितलं नाही हे आता लक्षात येतंय. काल रात्री नकाशा उघडून बसले तर फोंडा समुद्रापासून चांगला आत निघाला आणि आजूबाजूला नुसत्या निळ्या रेघा, नद्या की खाड्या तेच कळेना. मुलाने विचारलं आई तिकडे ट्रेन जाते का, मला तेही सांगता आलं नाही. पाऊस मुंबईपेक्षा जास्त की कमी, पाणी तुंबतं का, प्यायचं पाणी कुठून येतं, लोक आपल्याशी मराठीत बोलतात ना, आणि मुख्य म्हणजे सामान जूनच्या आधी हलवावं का नंतर, हे कोणी नीट सांगाल का? फिरायच्या जागांची यादी नको, राहायला जायचंय.

म्हापशेकर_दादरचा
मीनलताई, आधी मापं सांगतो म्हणजे नकाशा डोक्यात बसेल. अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटर, देशातलं सगळ्यात लहान. आपले मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून ६०३, म्हणजे सहा मुंबया मावतील एवढंच, आणि शेजारचा आपला सिंधुदुर्ग जिल्हा एकटा ५,२०७ आहे. लोकसंख्या मात्र २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखाच्या जरा वर, तेव्हा मुंबईत सव्वा कोट होती. उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर, समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत साठ-पासष्ट. सकाळी तेरेखोलला चहा घेऊन निघालात तर दुपारच्या जेवणाला कारवारच्या सीमेवर पोळेला पोचाल.

आता ह्याचे उभे तीन पट्टे धरा. पहिला किनाऱ्याचा, तिसवाडी, बार्देश, सासष्टी, मुरगाव, तोच सगळे बघतात. तिसरा घाटाचा, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, आणि खाली काणकोणचा बराचसा भाग, दाट रान, दूधसागर तिकडेच, ३१० मीटरचा. आणि मधला पट्टा डोंगर-सडे-कुळागरांचा (म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांचा), डिचोली आणि तुमचा फोंडा. फोंड्याला रेल्वे स्टेशन नाही, मुलाला सांगा. कोकण रेल्वेने मडगावला उतरायचं, तिथून अठरा-वीस किलोमीटर. पणजी साधारण तीस. पणजी-बेळगाव हायवे फोंड्यातूनच जातो, त्यामुळे बस भरपूर.

गिरगाव_चार
किनारा १०१ किमी की १०५ की १६०, प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का असतो?

म्हापशेकर_दादरचा
कारण मोजायची दोरी वेगळी. सरळ सरळ टोकापासून टोकापर्यंत धरलं तर शंभराच्या आसपास, प्रत्येक खाडीच्या तोंडात शिरून, प्रत्येक वळण धरून मोजलं की वाढत जातं. हल्लीच देशाचा किनारा ह्याच पद्धतीने परत मोजला तेव्हा ७,५१६ चा ११,०९८ किमी झाला, जमीन काही वाढली नाही. गोव्यात तर नद्यांची तोंडं एवढी रुंद आहेत की कुठे नदी संपली नि कुठे समुद्र लागला हे आग्वादच्या किल्ल्यावर उभं राहूनही सांगता येत नाही.

मुलुंडचा_पर्जन्यमापक
पावसाचं मी सांगतो, गेली बावीस वर्षं गच्चीवर पावसाचं माप ठेवतो, हा माझा जीवाचा विषय आहे.

मुंबईत सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत बावीस-तेवीसशे मिलिमीटर पडतो. गोव्याची वर्षाची सरासरी ३,००० च्या आसपास, आणि घाटाच्या पायथ्याला वाळपई, सांगे ह्या बाजूला ४,००० ला टेकतो. कारण अगदी साधं आहे, समुद्रावरून ओला वारा येतो तो सह्याद्रीला आपटून वर चढतो आणि वर गार झाला की रिकामा होतो, आपल्याकडे मुंबईपासून घाट लांब, तिकडे समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर भिंतच उभी. फोंडा त्या भिंतीच्या वाटेवर आहे म्हणून पणजीला रिमझिम असताना फोंड्याला धो धो असं होतं. आणि एक, तिकडचे पेपर पाऊस इंचात छापतात, '१२० इंच पार' असं वाचून घाबरू नका, तेच आपले ३,००० मिमी.

मान्सून गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, मुंबईत ११ जूनच्या आसपास. म्हणजे १० जूनला तुम्ही पोचाल तेव्हा तिथे बहुतेक सुरू झालेला असेल. म्हणून माझं ठाम मत, सामान मे संपायच्या आत हलवा. ट्रक कोल्हापूर-आंबोलीवरून येवो नाहीतर कशेडी-सावंतवाडीवरून, घाटात पाऊस लागला की गादी, पुस्तकं, लाकडी कपाट सगळं ओलं.

थंडी-उन्हाळ्याचं वेगळं काही नाही, मे महिन्यात ३३-३४ पर्यंत पारा पण घाम आपल्या लोकलमधल्यासारखाच, जानेवारीत पहाटे वीसच्या आसपास. फोंड्यात पहाट किनाऱ्यापेक्षा जरा गार असते, एवढंच.

पूर म्हणाल तर मुंबईसारखं रस्त्यात पाणी तुंबणं कमी, उतार आहे. पण नदीकाठ सांभाळा. जुलै २०२१ मध्ये म्हादई (मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव) आणि खांडेपार दोन्ही नद्या चढल्या होत्या, सत्तरीत आणि फोंड्याच्या बाजूला खांडेपारला घरं पडली. भाड्याचं घर बघताना नदीच्या पातळीपासून किती वर आहे हे मालकाला नाही, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

कवळ्याची_नात
मीनल, फोंडा म्हटल्यावर राहवलं नाही. आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, दर वर्षी परळहून आम्ही जातो. तुला एक गोष्ट सांगते, ती भूगोलाचीच आहे. मंगेशीचा देव मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची, ही सगळी ठिकाणं झुवारी नदीच्या पलीकडे, म्हणजे समुद्राच्या बाजूला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडची देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून ह्या बाजूला आणल्या, कारण फोंडा तेव्हा त्यांच्या ताब्यात नव्हता. नदी ओलांडली की राज्य दुसरं. म्हणून आज फोंड्याच्या दहा-बारा किलोमीटरात एवढी देवळं दाटीने उभी आहेत.

ह्यातूनच 'जुन्या काबिजादी' आणि 'नव्या काबिजादी' हे शब्द आलेत, तिकडे अजून ऐकायला मिळतील. तिसवाडी-बार्देश-सासष्टी जुन्या, १५१० पासून पुढे काही वर्षांत घेतलेल्या, आणि फोंडा, सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण नव्या, अठराव्या शतकात घेतलेल्या. तेव्हा सगळा गोवा साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होता असं आपण सरसकट म्हणतो ते तुझ्या फोंड्याला लागू नाही. जेवण, घराची ठेवण, बोलण्याचा हेल, सगळ्यात हा फरक अजून जाणवतो.

गिरगाव_चार
तिसवाडी म्हणजे तीस वाड्या आणि सासष्टी म्हणजे सहासष्ट गावं ना? मग आपली साष्टी पण तीच? वांद्र्यापासून वर ठाण्यापर्यंतच्या बेटाला साष्टीच म्हणतात.

म्हापशेकर_दादरचा
हो, दोन्हीकडे सहासष्ट गावांवरूनच नाव सांगतात. दोन्ही पोर्तुगीजांकडे होत्या. आपली साष्टी १७३७-३९ च्या चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत सुटली, तिकडची १९६१ च्या १९ डिसेंबरला.

भांडुपचं_मीठ
इतकं वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील भांडुप-नाहूरच्या मिठागरात कामाला होते, खाडीचं पाणी कसं आत घ्यायचं, कधी अडवायचं ह्यावर घर चालायचं. म्हणून मी दहा वर्षांपूर्वी गोव्याला गेलो तेव्हा बीचवर न जाता दुर्भाट-आडपईला झुवारीच्या काठाने बांधावरून चाललो. मीनलताई, हे तुमच्या घरापासून अगदी जवळ आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

गोव्याच्या नद्या म्हणजे वरून पावसाचं पाणी आणि खालून समुद्राचं. उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं की भरतीचं खारं पाणी मांडवी-झुवारीत तीस-चाळीस किलोमीटर आतपर्यंत चढतं. तुम्ही नकाशावर रेघा बघून म्हणालात ना नदी की खाडी कळेना, तर उत्तर दोन्ही आहे, आठ महिने खाडी आणि चार महिने नदी. आणि काठाची जमीन सखल, काही ठिकाणी भरतीच्या पातळीच्या खाली. ती जमीन हजारहून जास्त वर्षांपासून लोकांनी बांध घालून समुद्राकडून मागून घेतलीय. तिला खाजन म्हणतात, आपल्याकडे वसई-भाईंदरला खाजण म्हणतात तोच शब्द. अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे गोव्यात.

बांध चिखलाचा, बाहेरून चिरे लावलेले. त्यात एक दार असतं, त्याला म्हणतात मानस. मी तिथे दिवसभर बसून ते बघितलं. लाकडी झडप, वरून बिजागरीवर लटकलेली. भरती चढायला लागली तशी नदीच्या बाजूचं पाणी फळीला रेटायला लागलं आणि फळी आपोआप चौकटीला घट्ट बसली, कोणी हात लावला नाही. फटीतून नुसती बारीक चिळकांडी उडत होती. मग ओहोटी लागली, नदीचं पाणी उतरलं आणि शेतातलं साचलेलं पाणी आतून जोर करून फळी ढकलून बाहेर पडायला लागलं. पंप नाही, वीज नाही. दाराजवळ जाळं लावून एक बाबा उभे होते, पाण्याबरोबर बाहेर पडणारी कोळंबी त्यात. हा दारावरच्या मासळीचा हक्क दर वर्षी पावणीत जातो, पावणी म्हणजे लिलाव, आणि तो पैसा पूर्वी बांधाच्या डागडुजीला लागायचा.

पावसाळ्यात वरचं पाणी खारं धुऊन काढतं तेव्हा त्याच खाजनात भात लावतात, कोरगुट नावाचा, खारं सहन करणारा. भात कापला की पाणी आत घेऊन मासळी. आणि हे सगळं गावाचं मिळून, त्याला गांवकारी म्हणायचे, पोर्तुगीजांनी त्याला कोमुनिदाद नाव दिलं पण पद्धत त्यांच्या आधीची.

आता वाईट हे की बांध फुटला आणि वेळेत बांधला नाही तर एका हंगामात शेत खारं होतं, दोन-तीन वर्षांत कांदळ उगवतं, मग ते शेत परत शेत होत नाही. माझ्या वडिलांच्या मिठागरात आज कांदळवनच आहे. म्हणून सांगतो, तिथे राहायला गेलात की मुलाला घेऊन एकदा मानस चालताना दाखवा, पौर्णिमा-अमावास्येला जा, भरती मोठी असते.

मुलुंडचा_पर्जन्यमापक
हे फार सुंदर लिहिलंत. एक जोड देतो, मांडवी आणि झुवारी ह्या दोन्ही नद्यांना जोडणारा एक कालवा आहे, कुंभारजुव्याचा, त्यात मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, खाऱ्या-मचूळ पाण्यात राहणाऱ्या. तेव्हा काठावर पाण्यात पाय सोडून बसू नका.

लालबाग_वहिनी
मीनल, पाण्याबिण्याचं सगळे सांगतायत, मी घरातलं सांगते, माझी नणंद म्हार्दोळला दिलीय. आपल्याकडे जशी आगोट असते ना, पावसाळ्याआधी मीठ-मिरची-सुकी मासळी भरून ठेवायची, तसं तिकडे पुरुमेंत. मे महिन्यात मडगावला, म्हापशाला पुरुमेंताचा बाजार भरतो, सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, कोकमं, मिरच्या, गावठी कांद्याच्या माळा. मे मध्ये पोचलात तर नक्की घ्या, कारण १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना समुद्रात जायची बंदी असते, आपल्याकडे असते तशीच. त्या दोन महिन्यांत नदीची मासळी आणि खाजनातली मिळते. चोणक म्हणाले की आपला जिताडा समजायचा.

कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. चामड्याच्या चपला, बॅगा, लग्नाचे फोटो ह्यांना बुरशी धरते, मी नणंदेकडे कपाटात जळता बल्ब ठेवलेला पाहिलाय. जुन्या घरांना पश्चिमेच्या भिंतीवर विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचे, आता प्लास्टिक बांधतात. स्लॅबपेक्षा वरून कौलं किंवा पत्रा घातलेलं घर मिळालं तर घे. पण जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला बायका पानाच्या द्रोणात अळमी म्हणजे रानातली अळंबी घेऊन बसतात, वारुळावर उगवतात ती, महाग असतात पण एकदा खा. आणि तायखिळा म्हणजे आपला टाकळा.

गिरगाव_चार
भाषेचं कोणी बोललं नाही. हे सगळं कोकणच आहे, मराठी सगळ्यांना येतं, मला तर नेहमी वाटतं महाराष्ट्रातच असायला हवं होतं.

म्हापशेकर_दादरचा
ते तिथल्या लोकांना विचारून झालंय. १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत घेतलं, आजपर्यंत आपल्या देशात एखादा प्रदेश शेजारच्या राज्यात मिसळावा का हे तिथल्या मतदाराला विचारल्याची अशी उदाहरणं जवळजवळ नाहीतच. वेगळं राहण्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. माझे आजोबा विलीनवादी होते, वडील नव्हते, एकाच घरात. पुढे ३० मे १९८७ ला घटकराज्य झालं, त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा आणि मराठीही सरकारी कामाला वापरायची मुभा. तुमच्याशी मराठीत सगळे बोलतील, फोंड्यात तर मराठी पेपर, मराठी नाटक, भजन, सगळं आहे. पण कोकणीला मराठीची बोली म्हणू नका, त्याने माणूस दुखावतो, आणि का दुखावतो हे मी घरात पाहिलंय. मुलगा दोन महिन्यांत कोकणी बोलायला लागेल.

गिरगाव_चार
समजलं. आकडे माहीत नव्हते, धन्यवाद.

माझगाव_कूड
मुंबईशी नातं किती जुनं आहे त्याचं एक सांगू का. धोबीतलाव, डोंगरी, माझगावला गोंयकारांच्या 'कूड' आहेत, एकेका गावाची एकेक खोली, भिंतीला लागून पेट्यांची रांग आणि समोर आल्तार. जहाजावर जाणारे खलाशी दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथे राहायचे. माझे सासरे बार्देशचे, ते असेच आले. कोकणी तियात्राचा, म्हणजे त्यांच्या नाटकाचा, पहिला प्रयोगही १८९२ साली मुंबईतच झाला. भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट सुटायची तेव्हा पावसाळ्याचे महिने ती बंद, म्हणजे जूनमध्ये गावाला आई आजारी पडली तर घाटातून वळसा घालून जायचं. पावसावर सगळं ठरायचं ते असं.

कवळ्याची_नात
पाण्याचं राहिलं. फोंड्याचं नळाचं पाणी ओपाचं, खांडेपार नदीवर उपसा आहे, तेच पाणी पणजीलाही जातं. म्हणून कर्नाटकाशी असलेला म्हादईच्या पाण्याचा वाद निघाला की फोंड्यातली साधी माणसंसुद्धा तावातावाने बोलतात, खांडेपार ही म्हादईचीच उपनदी. लवादाने २०१८ ला वाटप ठरवलं, कर्नाटकला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), महाराष्ट्राला १.३३, पण भांडण संपलेलं नाही. एवढा पाऊस पडून पाण्याची चिंता कशी असं मलाही वाटायचं. पण पाऊस चार महिन्यांत येऊन समुद्रात जातो आणि खालून खारं चढतं, गोड पाणी अडवायला जागा थोडी.

दक्षिणेकडे ते पाणी साळावली धरणातून येतं. त्या धरणाखाली कुर्डी गाव गेलं, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं. मोगूबाई मुंबईत राहिल्या, त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर इथेच वाढल्या, पण मोगूबाईंचं आडनाव त्या गावाचं. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. मी चार वर्षांपूर्वी गेले होते. भेगाळलेला चिखल, त्यात घरांची जोती ओळीने, खोलीला खोली लागून, चुलीची जागासुद्धा कळते, झाडांचे पांढरे पडलेले बुंधे. सोमेश्वराच्या देवळापाशी मूळ गावकरी जमतात, पूजा करतात, जेवतात. एक आजी आमच्या समोर एका जोत्यावर चढल्या आणि मुलीला सांगायला लागल्या, हंय रांदचीकूड, हंय बांय (इथे स्वयंपाकघर, इथे विहीर), आणि चालताना पाऊल बरोबर तिथे उचललं जिथे उंबरठा असणार. महादेवाचं प्राचीन देऊळ मात्र एकेक दगड सोडवून धरणाजवळ नेऊन परत उभं केलंय. मीनल, मे मध्ये गेलीस तर फोंड्याहून दीडेक तास. जूनचा पाऊस लागला की परत वर्षभर पाण्याखाली.

शिवडीची_मीनल
तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काल रात्री ह्यांना आणि मुलाला बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. मानसचं परत वाच म्हणाला, मग त्याने पुठ्ठ्याचं दार करून मोरीतल्या बादलीत लावून बघितलं, आमच्याकडे रात्री साडेदहाला भरती-ओहोटी चालू होती.

ठरलं असं की ट्रक २३ मे ला निघेल, आम्ही २४ ला मडगावला उतरू. घर दोन बघितलीयत फोनवर, एक खांडेपारच्या पुलाजवळ स्वस्त आहे आणि एक वर ढवळीला, कौलाचं, भाडं तीन हजार जास्त. पर्जन्यमापक काकांचं वाचून ह्यांनी लगेच ढवळीचं म्हटलं. कुर्डीला २६ ला जायचं ठरवतोय. वहिनी, पुरुमेंताचं मडगावचं सोयीचं की म्हापशाचं? आणि कोकमं तिथलीच घेऊ की इथून नेऊ?

लालबाग_वहिनी
मडगाव. कोकमं तिथलीच घे, आणि जाड मीठ पण तिथलंच, गावठी, काळपट दिसतं पण लोणच्याला तेच. इथून फक्त कपड्यांसाठी घडीचा स्टँड ने, मोठा बघून.

भांडुपचं_मीठ
२६ ला सकाळी कुर्डी करून परतताना शिरोड्यावरून या, वाट जरा वाकडी पडेल. मुलाला बांधावर उतरवायचं तर पायात रबरी चप्पल, बूट नको, चिखलात रुततात. आणि त्या दिवशीची भरतीची वेळ आधी बघून ठेवा.